माळावरच्या खिडकीची उंची

मु. नागझरी, ता. खानापूर, जि. सातारा
ता. ९ जून १९४६

चि. अर्जुना,

पंधरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पाकीट न फोडताच चुलीत घातलं नसशील, एवढ्याच भरवशावर लिहायला बसलो आहे.

तुझा पत्ता कसा मिळाला ते आधी सांगतो. गेल्या महिन्यात कामासाठी सांगलीला गेलो होतो आणि परतीची गाडी चुकली म्हणून नाटकाला जाऊन बसलो. नाटक कसलं होतं ते आता आठवत नाही. दुसऱ्या अंकात अरण्याचा पडदा सुटला. त्यात मोठी झाडं, वेली, दोन हरणं, सगळं नेहमीचं होतं. पण खाली डाव्या कोपऱ्यात, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, गुडघाभर गवत होतं आणि ते काही अरण्यातलं गवत नव्हतं. आपल्या माळावरचं पवन्या होतं ते, वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. पुढं नट काय बोलत होते ते मी ऐकलंच नाही. अंक संपल्यावर मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, पडदा हुबळीच्या अर्जुन पेंटरांचा.

तर मुद्द्याचं. मला पेन्शन होऊन वर्ष झालं. मनूचं लग्न झालं, तिला पाटणला दिली. साताऱ्याची जागा सोडून मी आणि तुझी वहिनी नागझरीला आलो. गावातल्या घरात चुलत्यांची सगळी माणसं, तिथं माझं आणि त्यांचं दोघांचंही जमेना. म्हणून बापूंनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेल्या वरच्या माळावर घर बांधायचं ठरवलं आहे. अर्धं आमचं आणि अर्धं तुझं. तुझ्या अर्ध्यात राहायची एक खोली आणि चित्रं काढायची एक मोठी खोली. सोबत नकाशा जोडला आहे.

नकाशा बघून तुला बरं वाटेल. चारी बाजूंनी आठ फुटी व्हरांडा धरला आहे, पागोळी खाली ओढली आहे. एप्रिलातसुद्धा उन्हाचा एक कवडसा आत येणार नाही. सिमेंट परमिटावर आहे, तेव्हा दगड, चुना आणि वर मातीचं माळवद. गवंडी गुंडा, धोंडुबाईचा. तू गावात होतास तेव्हा तो नुसता करणी घेऊन हिंडत असे, आता हात चांगला बसला आहे.

एक मात्र मला ठाऊक नाही, ते तू सांगायचं. एवढा वीस फुटी पडदा माणूस रंगवतो कसा? उभा टांगून की जमिनीवर पसरून? टांगून असेल तर वरपर्यंत हात कसा पोचतो, आणि पसरून असेल तर मधल्या भागाला रंग देताना पाय कुठं ठेवतोस? तीस वर्षं पूल, तलाव, रस्ते केले, पण माणूस घरात बसून दिवसभर काय करतो याचा विचार करून खोली आखायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

वहिनी आशीर्वाद सांगते.

तुझा दादा,
आकाराम


नागझरी
ता. २१ जुलै १९४६

चि. अर्जुना,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा वर्षांनी तीन शब्द, ‘उजेड कुठून येणार?’ आणि खाली सही. वहिनीनं विचारलं, भावजींनी काय लिहिलंय, तर तिला वाचून दाखवायला मला एक श्वास पुरला.

पहिले दोन दिवस मी रागात होतो. एवढा व्यवस्थित नकाशा, मापं इंचात, आणि त्यावर हा शेरा. तिसऱ्या दिवशी नकाशा पुन्हा उघडला आणि माझ्या लक्षात आलं, मी तुला डाकबंगला आखून पाठवला आहे. जन्मभर साहेबांच्या मुक्कामाचे बंगले बांधले, त्यांची दुरुस्ती केली. एकट्या माणसासाठी घर म्हटलं की हाताला तेच वळण. त्या बंगल्यात माणूस दुपारचा झोपतो. तुला तर दुपारी काम करायचं असतं. मी मोठ्या हौसेनं तुझ्यासाठी अंधार बांधायला निघालो होतो.

म्हणून व्हरांडा काढून टाकला आहे. साताऱ्याच्या एका ड्रॉइंग मास्तरांना पत्र टाकून विचारलं, त्यांनी कळवलं की चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो, तो दिवसभर हलत नाही. हे खरं का? मी मुद्दाम दिवसभर बसून पाहिलं. सूर्य हलतो हे ठाऊक होतं, पण उत्तरेचं आभाळ बसल्या जागी राहतं हे छप्पन्न वर्षं कधी पाहिलं नव्हतं.

दुसरं, जागा बदलली. त्याचं श्रेय धुळाला. आपल्या वेळचा धुळा धनगर, तोच. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरतो, पावसाळ्याला माळावर परत. मी खुंट्या मारून सुतळी ताणून बसलो होतो, तर हा काठीवर हनुवटी टेकून बघत उभा. म्हणाला, “आप्पा, मेंढराला इचारा की. ते रोज घर बांधतंय.” मी हसलो. त्यानं दुपारी कळप माझ्या सुतळीत सोडला. एकही मेंढरू बसलं नाही. सगळी तिथून चाळीस पावलं पलीकडं गेली आणि तिथं माना खाली घालून बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मी दुर्बीण लावून लेव्हल घेतली. ती जागा सात इंच उंच आहे आणि खिंडीतून येणारा वारा नेमका तिथून जातो. पहिल्या जागेला मागच्या पावसात पाणी उभं राहिलं, तेही बघितलं. खुंट्या उपटल्या आणि मेंढरांच्या मागं गेलो.

आता अडचण अशी की त्या जागेवरून कळपाची पाण्याला जायची वाट आहे. घर बांधलं की वाट बंद. धुळाची बायको हरणाबाई वहिनीला म्हणाली, “आमची वाट तुमी खाल्ल्यावर आमी कुनीकडनं जायाचं?” तेव्हा घराचे दोन तुकडे केले. इकडं आमच्या खोल्या, तिकडं तुझी चित्रांची, मध्ये तीस फूट मोकळं. त्यातून मेंढरं जातील. कुंपण घालत नाही. तुला आवाजाचा त्रास होईल का ते कळव. आणि पडदा उभा की आडवा, तेही तू सांगितलं नाहीस.

दादा


नागझरी
ता. १५ सप्टेंबर १९४६

चि. अर्जुना,

पडदा जमिनीवर पसरतोस, बांबूला ब्रश बांधतोस आणि अनवाणी चालतोस, हे तुझ्या दुसऱ्या कार्डावरून समजलं. म्हणजे फरशी गुळगुळीत हवी आणि पायाला गार लागायला नको. शहाबादी काढून शेणामातीची जमीन धरली आहे. वहिनी म्हणते, सारवायला ती येईल.

गावात सध्या माझी टिंगल चालू आहे, त्याचं कारण ऐक. खिडकी किती मोठी आणि किती उंच ठेवावी हे कागदावर कळेना. म्हणून धुळाकडून सहा घोंगड्या मागून आणल्या, वासे उभे केले आणि तुझ्या खोलीच्या मापाची घोंगड्यांची खोली केली. उत्तरेला उघडी. आत स्टूल, स्टुलावर मी, माझ्या मांडीवर ड्रॉइंगचा पांढरा कोरा कागद. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. लोक बांधावर उभं राहून विचारतात, आप्पा, काय लिहिताय? मी म्हणतो, काही नाही, कागद बघतोय. चुलत्यांच्या घरात अशी बातमी आहे की पेन्शन झाल्यापासून आकारामचं डोकं फिरलं.

पण अर्जुना, तो कागद पांढरा नाही. पाऊस झाला, गवत मांडीला लागलं आहे, आणि उजेड जो आत येतो तो निम्मा आभाळातून आणि निम्मा गवतावरून. कागदाची खालची बाजू हिरवट दिसते. मला वाटलं डोळ्यांचा दोष, म्हणून वहिनीला बसवलं. तीही म्हणाली, “व्हय, हिरवं मारतंय की.” मग उघड्या बाजूला सात फूट उंचीपर्यंत घोंगडी टांगली, म्हणजे नुसतं आभाळ दिसेल आणि गवत झाकलं जाईल. कागद तत्काळ पांढरा झाला. घोंगडी काढली, पुन्हा हिरवा. हा खेळ मी किती वेळा केला असेन ते तुला सांगणार नाही.

आता माझा खरा प्रश्न. खिडकीचा उंबरा दोन फुटांवर ठेवला तर तुला सगळा माळ दिसेल, पण उजेडाला रंग लागेल. सात फुटांवर ठेवला तर उजेड स्वच्छ, पण माळ दिसणार नाही. तुला उजेड पाहिजे की माळ? मला ठरवता येत नाही. गुंडा पाया भरतो आहे, भिंत वर यायला अजून वेळ आहे, पण उत्तर पाहिजे.

आणखी एक. तू त्या वर्षी ऑफिसात, नकाशे उतरवायच्या ट्रेसिंग क्लॉथवर बारा महिन्यांची बारा चित्रं काढली होतीस, याच माळाची. ती सगळी एकाच जागेवरून काढलेली वाटत होती. कुठं बसला होतास ते सांगशील तर खिडकी त्याच रोखानं ठेवतो. मी धुळाला विचारलं, तो म्हणतो, अर्जुन इथं कागद घेऊन बसलेला त्यानं कधी पाहिला नाही. त्या चित्रांवरून जे मला आयतं कळलं असतं त्यासाठी मी स्टुलावर बसून दिवस घालवतो आहे.

दादा


नागझरी
ता. २४ नोव्हेंबर १९४६

चि. अर्जुना,

तू लिहिलंस, ‘बारा चित्रं साहेबांनी जप्त केली असं तेव्हा तुम्ही कळवलं होतं. त्यांच्याकडून मागवा, जागा कळेल.’ त्याबद्दल लिहितो. साहेब लढाईच्या आधीच विलायतेला गेले. त्यांच्या मागं त्या कागदांचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. तेव्हा तो विषय राहू दे.

इकडं गवत वाळलं. मागच्या महिन्यापासून कागद पिवळा येतो. सकाळी हळदीसारखा, दुपारी फिका, चारनंतर तांबूस. अमावास्येच्या आसपास दोन दिवस ढग होते तेव्हा राखाडी. मी वहीत रोज लिहून ठेवतो. कुसळी गवताला कुसळं आली तेव्हा उजेडात एक चकाकी होती, आठच दिवस टिकली. कुसळं गळाली आणि चकाकी गेली. एवढं मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला कामाला लाग म्हटलं असतं.

धुळा-हरणाबाई निघून गेले. घोंगड्या ठेवून गेले, परत आल्यावर देतो म्हटलं. कळप जाताना दोन्ही जोत्यांच्या मधूनच गेला, वाट तीस फूट पुरते. माळ अगदी मोकळा वाटतो. गुंडाला म्हटलं आहे, तुझ्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला हात लावू नको.

जमिनीवरचा पडदा वाळायला किती वेळ लागतो? तोवर चालायचं कुठून?

दादा


नागझरी
ता. १२ जानेवारी १९४७

अर्जुना,

मागच्या पत्रात साहेबांबद्दल लिहिलं ते खोटं. एवढं आधी लिहितो, नाहीतर खाली जाईपर्यंत धीर सुटेल.

मागचं पत्र टाकण्याआधी मी वहिनीला वाचून दाखवलं.  त्या दिवसापासून ती माळावर यायची बंद झाली. मी कारण विचारलं तर म्हणाली, “खोटं लिवून घर बांधताय. त्येच्या भितीला म्या शेन लावनार न्हाई.” दीड महिना झाला. मी एकटा जाऊन जोत्यावर बसतो आणि परत येतो.

झालं होतं असं. तुझ्या टेबलाच्या खणात ते बारा तुकडे मलाच सापडले. सरकारी कापड, सरकारी शाई. ऑफिसात तुला चिकटवलं मी, तेव्हा लोक म्हणणार आकाराम ओव्हरसियरचा भाऊ कापड चोरतो. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मीच साहेबांपुढं ठेवले. मला वाटलं होतं ते झापतील आणि सोडून देतील. त्यांनी नियमाप्रमाणं तुला काढून टाकलं. पण जप्त केलं नाही. त्यांनी ते बारा तुकडे उजेडात एकेक धरून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि माझ्या हातात दिले. म्हणाले, त्याला परत द्या, चांगली आहेत.

मी परत दिले नाहीत. तू तोवर खोलीवरून सामान उचलून गेला होतास, हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण तू मोटारस्टँडवर संध्याकाळपर्यंत बसून होतास हे मला माहीत होतं. चित्रं जप्त झाली हा निरोपही मी तुला तिथंच धाडला होता. मी ते कापड घरी नेलं आणि वहिनीला दिलं. ट्रेसिंग क्लॉथ गरम पाण्यात धुतलं की खळ निघून जाते आणि आत झुळझुळीत मलमलीसारखं कापड निघतं, हे तुला ठाऊक आहे. ऑफिसातले सगळेच रद्दी तुकडे घरी न्यायचे. मनू तेव्हा चार महिन्यांची होती. बारातल्या काहींची तिची टोपडी आणि झबली झाली, राहिलेल्यांचे माझे रुमाल. मी धुताना उभा होतो. पाणी आधी करडं झालं, मग काळं.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते खरं सांगतो. मला तुझा राग आला होता, आणि त्या रागात एक गोष्ट अशी होती की साहेबांनी माझा एकही नकाशा कधी उजेडात धरून पाहिला नव्हता.

वहिनीला मी काल विचारलं, तुला त्यातलं एखादं चित्र आठवतं का. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत देतो. “म्या बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर हात चालला नसता.”

पेन्शनीच्या दिवशी ट्रंक आवरताना एक रुमाल हाताला लागला. चौदा वर्षांत विरून गेलेला. मी तो खिडकीशी धरला, काही दिसतं का बघायला. काहीच नव्हतं. घर बांधायचं त्या दिवशी डोक्यात आलं. पडदा, सांगली, ते सगळं नंतर.

तू आता लिहिणार नाहीस असं धरून चाललो आहे. पण जागा तुझ्याही नावाची आहे, घराची ती बाजू तुझीच राहील. ती मी दुसऱ्या कशालाही वापरणार नाही.

आकाराम


नागझरी
ता. ६ एप्रिल १९४७

चि. अर्जुना,

तुझं काही आलं नाही. यावं असा माझा हक्क नाही, तेव्हा तक्रार करत नाही.

नुसतं कामाचं कळवतो. आमच्या बाजूचं माळवद पडलं, म्हणजे घातलं, पडलं नाही. वहिनी परत यायला लागली आहे. मी तुला लिहिलं ते पत्र तिनं वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन माझ्या आधी माळावर हजर. तुझ्या बाजूला तीन भिंती झाल्या. चौथी, उत्तरेची, नाही. गुंडा विचारून दमला. मी म्हणतो, थांब. तो म्हणतो, पावसाच्या आत झालं न्हाई तर तिन्ही भिजतील, आप्पा. त्याचंही खरं आहे.

गवत आता जवळजवळ नाही. गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी चिलमीनं पेट घेतला आणि पलीकडचा उतार जळाला. मी त्या दिवशीही कागद घेऊन बसलो. काळ्या माळावरून कसला उजेड येणार असं वाटलं होतं, तर उलटंच. कागद वर्षात कधी नव्हता एवढा पांढरा. खालून काहीच येत नव्हतं, सगळं आभाळाचं.

वहीत आठ महिने भरले. वाचायला दुसरं कुणी नाही म्हणून कधी कधी वहिनीला वाचून दाखवतो. ती ऐकते आणि मधेच म्हणते, आज तर निळसर होतं, तुमी करडं लिवलंय. बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं.

तुझा,
दादा


नागझरी
ता. २२ ऑगस्ट १९४७

चि. अर्जुना,

तुझं पत्र काल मिळालं. विट्याला झेंडावंदन, मिरवणुका, त्यात टपाल चार दिवस अडकलं. कार्ड नाही, पाकीट आहे हे पोस्टमननं लांबूनच सांगितलं. मी जोत्यावर उभ्यानंच वाचलं. मग वहिनीला वाचून दाखवलं. मग संध्याकाळी धुळा आणि हरणाबाई आली, त्यांनाही निम्मं वाचून दाखवलं. उरलेलं मला त्यांच्यासमोर वाचवेना.

तू सुरुवातीलाच विचारलं आहेस, मनूच्या टोपड्याला कोणता महिना गेला. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, कुठला ते माहीत नाही, पण ते टोपडं घालून पोर कधी रडली नाही असं भावजींना कळवा. हे ती तुझी समजूत घालायला म्हणते की खरंच तसं होतं, मला सांगता येत नाही. तू चिडून विचारलंस की सहज, तेही कळलं नाही. चिडून असेल तर तसंच राहू दे.

पुढचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, आता पाठ झाला आहे. तू लिहितोस:

‘दादा, बसायची जागा शोधू नका. माळावर बसून मी एकही चित्र काढलेलं नाही. बाराही ऑफिसात काढली, माझ्या टेबलावर, मधल्या सुट्टीत. समोरच्या खिडकीतून कचेरीची मागची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. त्या वर्षी मी तीनदा रजेचा अर्ज केला होता. कारण खरं लिहिलं होतं, पावसानंतरचं गवत बघायला गावी जायचं आहे. अर्ज तुमच्या टेबलावरून वर जायचे. तिन्ही परत आले, वर तुमच्या अक्षरात शेरा, कारण अपुरे. जायला मिळेना म्हणून काढत बसलो. खिडकीचं म्हणाल तर सात फुटांवर ठेवा. मला माळ दिसला नाही तरी चालतो. शेजारी एक खाली ठेवा, तुमच्या स्टुलापुढं.’

अर्जुना, तीन अर्ज मला आठवत नाहीत. पहिला आठवतो. हेडक्लार्कला मी तो वाचून दाखवला होता. आम्ही दोघं हसलो होतो, की लोक आई आजारी लिहितात, लग्न लिहितात, आणि हा गवत लिहितो. खोटं कारण लिहिलं असतंस तर मी डोळे झाकून मंजूर केला असता. मग मी शेरा मारला आणि जेवायला गेलो. त्यानंतर सोळा वर्षं मला त्याची आठवणही झाली नाही, आणि तू त्या भिंतीकडं तोंड करून बारा महिने माळ काढत होतास. याची मला लाज वाटते. धुतल्याची वाटत होती त्याहून जास्त वाटते.

भिंत आज सकाळी सुरू झाली. सात फुटांवर मोठी, शेजारी दोन फुटांवर लहान. गुंडाला वाटलं, मी सांगताना चुकलो. तो म्हणाला, एकाच भिंतीला दोन उंच्या कुठं असतात? मी म्हटलं, इथं असतात.

तू येणार की नाही, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मी चार वेळा शोधलं. कंपनीचं काम असेल, हुबळीत तुझं बस्तान असेल, राहायला यावंसं नसेल. घर त्याच्यासाठी अडून नाही. पण परवा चांगली सर झाली, उघडीपही पडली. पवन्या गुडघ्याला लागला आहे आणि दुपारी वारा सुटला की सगळा एका अंगाला जातो. धुळा म्हणतो, असं पंधरा दिवस, मग कुसळं धरायला लागेल.

तुझे ते अर्ज माझ्याकडं नाहीत, असते तर त्यावरच लिहून पाठवलं असतं. म्हणून इथं लिहितो. तारीख आजची, सही माझी, आणि हा अर्ज वर पाठवायचा नाही, इथंच मंजूर.

कारण पुरेसं आहे. ये.

आकाराम